साध्या सुखांचे भांडवल

(ज्ञातिसंस्थेच्या तलासरी येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या कार्यकारी मंडळाने आजच्या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आमच्या मनात प्रथम संकोचच उभा राहिला. विषय सुचविला गेला तो ‘कठीण काळातील साधी सुखे’ असा. ज्याच्या घरात आजारपण आहे, ज्याच्या मुलाला नोकरी नाही, ज्याची वाडी अवकाळी पावसाने झोडपली आहे, त्याच्यापुढे उभे राहून सुखावर व्याख्यान देणे हा उद्धटपणाच नव्हे काय? म्हणून उपदेशाच्या वाटेला न जाता, आपल्याच ह्या तलासरी-डहाणूच्या भूमीवर आम्ही जे पाहिले, वडिलांच्या तोंडून ऐकले आणि ग्रंथांतून वाचले, तेवढेच आपल्यापुढे ठेवण्याचे आम्ही ठरविले आहे. त्यातून काही घेण्यासारखे वाटले तर घ्यावे. न वाटल्यास आमच्या उणिवा पोटात घालाव्या.

२०१८ सालच्या नोव्हेंबर महिन्याची आठवण येथे बसलेल्या कोणासही करून देण्याची आवश्यकता नाही. धुंदलवाडीच्या परिसरात धरणी हलू लागली आणि मग ती थांबेचना. एकच मोठा धक्का बसून प्रकरण मिटावे, असा हा भूकंप नव्हता. लहानमोठ्या धक्क्यांची माळच लागली. ह्या प्रकाराला शास्त्रज्ञ भूकंपांचा थवा म्हणतात, हे आपणांस तेव्हाच प्रथम कळले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेची माणसे आली, यंत्रे बसली, नोंदी हजारोंच्या घरात गेल्या. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. त्याच दिवशी धावपळीत पडून एका दोन वर्षांच्या बालिकेचा अंत झाला. त्यानंतर घराच्या छपराखाली झोपण्याचे धैर्य कोणास होणार? गावेच्या गावे अंगणात आली. शासनाने तंबू दिले, कोणी ताडपत्र्या बांधल्या, कोणी नुसत्या आंब्याच्या झाडाखाली वाकळा अंथरल्या.

त्या फेब्रुवारीत आपल्या कार्यकारी मंडळाची एक सभा झाली. वार्षिक संमेलन भरवावे की रद्द करावे, एवढाच प्रश्न होता. बहुतेकांचे मत रद्द करण्याकडे होते, आणि खरे सांगायचे तर आमचेही तेच होते. घरांच्या भिंतींना तडे गेलेले असताना गाणे, खेळ आणि जेवणावळी शोभत नाहीत, असे आम्ही मोठ्या गांभीर्याने प्रतिपादन केले. ठराव जवळजवळ मंजूर होण्याच्या बेतात असताना, आपल्या आजीबरोबर नातू सभेस आला होता, त्या आजी उठून म्हणाल्या, “भाऊ, आम्ही पोरं घेऊन अंगणात झोपतो. रात्री धक्का बसला की पोरं रडतात. मग आम्ही गाणी म्हणतो, तेव्हा ती निजतात. तुम्ही म्हणता, गाणं शोभत नाही. मग आम्ही रात्री काय करावं?”

ह्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. आनंद हा संकट टळल्यानंतर साजरा करावयाचा समारंभ होय, अशी आमची समजूत होती. त्या माउलीला मात्र रात्र काढण्यासाठी त्याची गरज होती. सभेने शेवटी असा मार्ग काढला की, जेवणावळ व मंडप रद्द करून ती रक्कम ताडपत्र्या व चादरींस द्यावी. परंतु मुलांचे खेळ, भजन आणि हळदीकुंकू उघड्या मैदानात अवश्य करावे. त्या संध्याकाळी मैदानात गुळाचा चहा व उकडलेली रताळी ह्यापलीकडे काही नव्हते. वर आंब्याचा मोहोर होता. मुले लंगडी खेळत होती, आणि कित्येक दिवसांत प्रथमच आपल्या आयाबहिणी काही काळ जमिनीकडे कान न लावता बसल्या होत्या. त्याच वेळी आमच्या ध्यानात आले की, थाटामाटाने झालेले कोणतेही संमेलन आपणांस इतके उपयोगी पडले नव्हते.

हे ज्ञान आपण नव्याने शोधून काढलेले नाही. आपल्या शेजारी पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या वारली बांधवांपाशी ते पूर्वीपासून आहे. आपण त्यांच्याकडे पाहिले, पण शिकलो नाही. भात कापून झाले की पाड्यावर तारपा वाजू लागतो. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा, एवढ्यात ते वाद्य तयार होते. त्याला बाजारातून आणावे असे काही लागत नाही. वाजविणारा मध्ये असतो आणि स्त्रीपुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती फेर धरतात. तारप्याकडे पाठ करावयाची नाही, हा तेथला नियम. प्रेक्षकांसाठी खुर्च्या मांडण्याची त्यांना गरज भासत नाही. कारण त्या नाचात नाचणारा आणि पाहणारा असा फारसा भेद उरत नाही.

तेच त्यांच्या चित्रांचे. लग्नघरी शेणामातीने सारवलेल्या व गेरूने रंगविलेल्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. बांबूची काडी चावून तिचा कुंचला करतात. पांढऱ्याखेरीज दुसरा रंग नसतो, आणि दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून ठेवले की माणूस उभा राहतो. आपल्याच डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे ह्यांचे नाव आज जगास ठाऊक आहे. १९३४ साली जन्मलेल्या ह्या कलावंतास भारत सरकारने २०११ साली पद्मश्री देऊन गौरविले. परंतु त्यांच्या बालपणाची गोष्ट आम्हांस त्या सन्मानाहून मोठी वाटते. वयाच्या सातव्या वर्षी आई गेली आणि ह्या मुलाचे बोलणेच थांबले. जे सांगावयाचे ते तो धुळीत बोटाने चित्रे काढून सांगे. त्यासाठी एका पैचाही खर्च नव्हता. बोट आणि धूळ एवढ्याच साधनांवर एका पोरक्या जीवाने आपला जगाशी संबंध टिकविला. मे २०१८ मध्ये ते निवर्तले, आणि त्यानंतर सहाच महिन्यांनी त्यांच्या ह्या भूमीला हादरे बसू लागले.

श्रोते हो, येथवर ऐकून कोणी म्हणेल, “ठीक आहे; गरीब माणूस थोडक्यात सुखी असतो, हेच ना सांगावयाचे?” नाही. हे आम्हांस मुळीच सांगावयाचे नाही. गरीब थोडक्यात सुखी असतो, हे वाक्य ह्या तालुक्यात फार दिवस, फार लोकांच्या सोयीचे ठरले आहे. म्हणून इतिहासाचे एक पान येथे उघडणे आम्ही कर्तव्य समजतो.

स्वातंत्र्यापूर्वी ह्या भागात ‘लग्नगडी’ नावाची एक चाल होती. वारली तरुणाचे लग्न ठरले की खर्चासाठी तो जमीनदाराकडून वा सावकाराकडून थोडी रक्कम उचलीत असे. त्या रकमेच्या फेडीसाठी तो आणि त्याची नवी नवरी, दोघेही त्या मालकाच्या घरी राबू लागत. हिशेब मालकाच्या हाती, अक्षरओळख गड्याला नाही. मग ते कर्ज फिटणार कसे? आयुष्यातील एका आनंदाच्या दिवसाची किंमत म्हणून सारे आयुष्य गहाण पडे. ह्याखेरीज वेठबिगार होतीच. हे सारे आम्ही कल्पनेने सांगत नाही. गोदावरी परुळेकर ह्यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या ग्रंथात ते सविस्तर लिहून ठेविले आहे. १९७० साली निघालेल्या ह्या ग्रंथास १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. आपल्या घरोघरी तो असावा, अशी आमची विनंती आहे.

२३ मे १९४५ रोजी झरी येथे सुमारे ५,००० वारली एकत्र जमले. झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होते. आज ते आपल्या तलासरीत आहे. त्या सभेत त्यांनी निश्चय केला की, ह्यापुढे वेठ करावयाची नाही आणि रोजी १२ आणे रोख मिळाल्यावाचून मालकाच्या शेतावर राबावयाचे नाही. पुढे १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, आणि जेठ्या गांगड व आणखी चौघे प्राणास मुकले. गाणी गाणारी, फेर धरून नाचणारी हीच माणसे अन्यायापुढे ताठ उभी राहिली, ही गोष्ट आपण नीट मनात धरली पाहिजे. साध्या सुखाने माणूस सुस्त होतो, असे जे म्हणतात, त्यांनी झरीची सभा आठवावी. अंधाऱ्या काळातही त्या लोकांनी आपले गाणे आणि आपली एकी सोडली नव्हती. म्हणूनच त्यांना परस्परांचा हात हाती घेण्याची सवय होती, असे आमचे नम्र मत आहे.

आणि येथे एक कबुली द्यावयास हवी. त्या काळी आपल्या ज्ञातीतील काही घरे ओट्यावर बसणाऱ्यांची होती. अंगणात उभे राहणाऱ्यांची नव्हती. अंगणात वेठीचे गडी उभे आणि ओट्यावर हिशेबाची वही, असे दृश्य आमच्या वडिलांनी लहानपणी पाहिले होते. त्यांनी ते सांगितले ते अभिमानाने नव्हे. म्हणून साध्या सुखाची स्तुती करताना आपण दुसऱ्याच्या गरिबीची स्तुती तर करीत नाही ना, हे आपण प्रत्येकाने स्वतःस विचारावे. दुसऱ्याचे दुःख हरण करणे हे आपले काम. त्याला समाधानाचे धडे देणे हे आपले काम नव्हे.

ज्यांनी हे दुसऱ्या मार्गाने करून दाखविले, त्या दोन माउलींचे स्मरण येथे सहज होते. झरीची सभा झाली त्याच १९४५ साली, येथून काही कोसांवर, समुद्रकाठच्या बोर्डी गावी ताराबाई मोडक ह्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसोरी पद्धतीची साधने महाग. खेड्यातील शाळेला ती कोठून परवडणार? तेव्हा त्यांनी खडे, शिंपले, बिया, पाने, फुले हीच साधने केली. मुले शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा आज साऱ्या देशाच्या तोंडी असलेला शब्द त्याच प्रयोगाशी निगडित आहे. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे वारल्यांची मुले गुरे राखावयास जात आणि शाळेत येऊ शकत नसत. तेव्हा शाळा गुरांमागे कुरणात गेली, आणि तिला कुरणशाळा हे नाव मिळाले. त्या मुलांना गोट्यांचा, पानांचा खेळ नवा नव्हता. त्याच खेळातून अक्षर आणि अंक हाती येतात, हे मात्र नवे होते. ज्याच्यापाशी जे होते त्याचा मान राखून, जे नव्हते ते त्याला मिळवून दिले. आनंद आणि उन्नती ह्यांची गाठ कशी घालावी, ह्याचा ह्याहून चांगला वस्तुपाठ आम्हांस ठाऊक नाही.

आता आपल्या घराकडे वळू. लग्नगड्याची चाल गेली. पण आनंदासाठी कर्ज काढण्याची चाल गेली आहे काय? आमच्या पाहण्यात गेल्या काही वर्षांत आपल्या ज्ञातीत अशी लग्ने झाली की, ज्यांच्यासाठी वाडीचा तुकडा विकला गेला वा पतपेढीचे कर्ज निघाले. कार्यालय, रोषणाई, बँड, शंभर प्रकारची पक्वान्ने आणि छायाचित्रकारांची फौज, हे सारे दोन दिवसांत संपते. हप्ते मात्र वर्षानुवर्षे चालतात. मुलीच्या बापाला आपण लग्नगडी म्हणत नाही, एवढाच काय तो फरक. वारली समाजात लग्नविधीच्या खर्चाची जुळणी होईपर्यंत जोडप्याने एकत्र संसार करावा आणि पुढे सवडीने, प्रसंगी मुलेबाळे झाल्यावरही, विधी उरकावा, अशी रीत आहे. आपण तिला हसलो. पण कर्ज टाळण्याचा तो शहाणपणा होता, हे आपल्या ध्यानात आले नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. ज्या सुखासाठी कर्ज काढावे लागते ते कठीण काळात प्रथम सोडून जाते, आणि मागे ठेवते ते ओझे. जे सुख हातांनी करता येते आणि चारचौघांत वाटता येते, तेच कठीण काळात सोबत करते. पहिल्या पावसानंतर रानात उगवणारी कोळीची भाजी आणि शेवळे, उन्हाळ्यातील ताडगोळे, हिवाळ्यात मडक्यात शिजणारी उकडहंडी, घोलवडच्या वाडीतील झाडाखाली बसून खाल्लेला चिकू, संध्याकाळी सुरूच्या बनातून येणारा वारा, चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या यात्रेला पायी जाताना झालेल्या गप्पा: ही यादी आपण प्रत्येकजण आपल्या परीने वाढवू शकाल. हिच्यात एकही गोष्ट अशी नाही की, जिच्यासाठी कोणाच्या ओट्यापुढे हात जोडून उभे राहावे लागेल.

ह्यावर मुंबईकर बांधव म्हणतील, “तुम्हांला रान आहे, समुद्र आहे, आम्ही दोन खोल्यांत काय करावे?” त्यांचा प्रश्न रास्त आहे. पण २०२० सालच्या टाळेबंदीत, जेव्हा ना रान मोकळे होते ना समुद्र, तेव्हा आपल्या घरोघरी काय झाले ते त्यांनी आठवावे. आमच्या परिचयाच्या एका घरात आजोबांनी नातवंडांना रोज संध्याकाळी आपल्या बालपणीचे एक एक माणूस गोष्टीतून भेटविले. दुसऱ्या घरी वडिलांची नोकरी सुटली होती. तेथे रात्रीची भाकरी सर्वांनी एकत्र बसून, एकाच परातीत मोडून खाण्याचा परिपाठ पडला. त्या मुलांना आज ते दिवस टंचाईचे म्हणून कमी आणि एकत्र जेवणाचे म्हणून अधिक आठवतात. त्या बापाला त्या काळात किती झोप लागली असेल ते तोच जाणे. त्याच्या चिंतेचे मोल आम्ही कमी करू इच्छीत नाही. परंतु ती परात नसती, तर ती चिंता त्याने एकट्याने वाहिली असती.

म्हणून केवळ शब्दांवर न थांबता, तीन नम्र सूचना आम्ही सभेपुढे ठेवीत आहोत. पहिली अशी की, लग्नकार्यात एका वेळच्या साध्या भोजनाची मर्यादा ज्ञातीने स्वेच्छेने पाळावी, आणि ती पाळण्यास सधन घरांनी आधी पुढे यावे. कारण साधेपणा गरिबाने केला तर लोक त्याला नाइलाज म्हणतात, श्रीमंताने केला तरच त्याची रीत होते. दुसरी अशी की, त्यातून वाचलेल्या पैशाचा काही अंश संस्थेच्या आपत्काल निधीस द्यावा, आणि त्या निधीचा उपयोग ज्ञातीपुरता न ठेवता पाड्यावरील शेजाऱ्यांसही व्हावा. धरणी हलली तेव्हा तिने कोणाची जात विचारली नव्हती. तिसरी सूचना अगदी लहान आहे. महिन्यातून एक संध्याकाळ प्रत्येक गावच्या ज्ञातिबांधवांनी एकत्र यावे. वक्ता नको, हार नको, अल्पोपाहाराची वर्गणी नको. ज्याच्या घरी जे असेल ते आणावे आणि ज्याला जे येत असेल ते म्हणावे.

भूकंपाच्या त्या दिवसांत सभेत उठून प्रश्न विचारणाऱ्या आजी आज हयात नाहीत. त्यांच्या घराची भिंत पुढे नव्याने बांधून झाली, आणि त्या पुन्हा छपराखाली झोपू लागल्या. त्यांचा नातू मात्र कित्येक दिवस अंगणातच झोपण्याचा हट्ट धरीत असे. घरात आजी गाणे म्हणत नाही, अशी त्याची तक्रार होती. हे कळल्यावर आजी घरातही गाऊ लागल्या.